बाकावर कोण बसलं होतं

पराग, काल तुझ्या शोकसभेत मी खोटं बोलले. माइकसमोर उभी राहून, शंभरेक माणसांसमोर, चक्क हातवारे करून खोटं बोलले आणि लोक हसले. तू असतास तर खूश झाला असतास. म्हणूनच आज सकाळी उठल्या उठल्या हे लिहायला बसले आहे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यानं कुणी हा नियम केला, त्याला तुझ्यासारखा मित्र नसणार.

तू कुठे शिकलास, किती पेटंटं मिळवलीस, कुठल्या कुठल्या ट्रेकला गेलास, हे सगळं काल पडद्यावर दाखवून झालं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला फक्त एका दिवसाबद्दल बोलायचं आहे. चीनमधल्या हांगझोऊच्या त्या मोठ्या तळ्याभोवती आपण दोघं पायी फिरलो, तो शनिवार. सतरा वर्षं तो दिवस तू सांगत आलास. आता तुला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा जरा ऐक.

तू गेल्यावर पाचव्या दिवशी अनघाचा फोन आला. तुझी बायको तुझ्याइतकं बोलत नाही, पण जे बोलते ते नीट बोलते.

"मेघना, रविवारी हॉलमध्ये सगळे जमणारेत. तू बोलशील ना दोन शब्द?"

"बोलेन की."

"तो तळ्याचा किस्सा सांग."

"कुठला?" मी म्हटलं, जणू काही आपल्या आयुष्यात दहा तळी होती.

"तोच गं, हांगझोऊचा. दर पार्टीत सांगायचा तो. आता तूच सांगू शकतेस. तिथं दुसरं कोण होतं?"

फोन ठेवला आणि खरं सांगते, मला आनंद झाला. दुःख होतंच. तू गेल्यापासून माझा हात सारखा फोनकडे जातो आणि तुला काहीतरी टोचून लिहावंसं वाटतं, मग आठवतं. पण त्या दुःखाच्या खाली उकळी फुटत होती. दोन साक्षीदारांपैकी एक गेला होता आणि माइक माझ्या हातात येणार होता. म्हटलं, आता सापडलास बेट्या.

तुझी गोष्ट अशी होती. हांगझोऊला ऑफिसच्या ट्रिपवर असताना आपण तळं बघायला गेलो. ही मेघना, नागपूरची, हिला दिशा कळत नाहीत. ही रस्ता चुकली. तू बिचारा तीन तास शोधत हिंडलास, आणि शेवटी एका पुलाजवळ बाकावर ही रडत बसलेली सापडली. हॉटेलचं नावसुद्धा आठवेना. शेजारी एक चिनी आजीबाई हिला अंडी सोलून देत होती. "आणि ही खातेय! रडतेय आणि खातेय! नागपूरची ना, अंडं दिसलं की सगळं विसरते." इथं तू थांबायचास, लोक हसायचे, आणि तू माझ्याकडे वळून म्हणायचास, "विचारा हिला, खोटं सांगतोय का?" मी म्हणायचे, "दोन खाल्ली मी." मग पुन्हा हशा. आपला कार्यक्रम अगदी बसलेला होता.

आता खरी गोष्ट.

कॅलिफोर्नियातल्या आपल्या सनीव्हेलच्या कंपनीनं तिकडे नवं डिझाइन सेंटर उघडलं होतं. तिथल्या मुलांना चिपचा जो भाग शिकवायचा होता, तो मी डिझाइन केलेला. तू बरोबर होतास, कारण तू बोलायला चांगला. सोमवारी आपला मॅनेजर डेव्ह येणार होता, आणि दोघांपैकी एकाला तो त्या टीमचा लीड करणार हे दोघांनाही माहीत होतं. मध्ये शनिवार मोकळा मिळाला.

सकाळी तू लॉबीत प्रिंटआउटची फाइल घेऊन उभा. कुठल्या पुलावर किती मिनिटं, कुठल्या देवळात किती, सगळं एक्सेलमध्ये मांडलेलं. रिसेप्शनवरच्या मुलीनं दोघांना एकेक कार्ड दिलं, चिनीत हॉटेलचा पत्ता छापलेलं, टॅक्सीवाल्याला दाखवायला. तू माझ्या हातातलं काढून घेतलंस. "दोन्ही माझ्याकडे राहू देत, तू हरवशील." ऑफिसनं दोघांत मिळून एक लोकल फोन दिला होता, तोही तुझ्याच खिशात.  मला तुझी सवय होती.

आणि त्या दिवशी तुला उपास होता. संकष्टी. ब्रेकफास्टच्या टेबलावर तू काळा चहा आणि घरून आणलेले दाणे-गूळ घेऊन बसलास. मी म्हटलं, "अरे, पुण्यात संकष्टी उद्या आहे. मी काल रात्रीच आईशी बोलले."

"आमच्या फ्रिजवरच्या कॅलेंडरात शनिवार आहे."

"ते कॅलिफोर्नियाचं कॅलेंडर आहे. तू चीनमध्ये आहेस."

"उपास घरचा धरायचा असतो. माझं घर सनीव्हेलला आहे."

"मग सनीव्हेलला आत्ता शुक्रवार संध्याकाळ आहे, पराग. तुझा उपास अजून सुरूच झालेला नाही. खा गुपचूप."

तू दाणे मोजत राहिलास. तुझ्यातल्या पुणेकराला एकदा ठरवलेली गोष्ट बदलणं म्हणजे सदाशिव पेठ विकायला काढण्यासारखं. म्हणजे बघ, पुण्याच्या हिशेबानं संकष्टी रविवारी, सनीव्हेलच्या हिशेबानं ती अजून उगवायची होती, आणि तू उपाशी राहिलास तो दिवस जगातल्या कुठल्याही घराला संकष्टीचा नव्हता. हा वाद आपण कधी संपवला नाही. मी तो जिंकलेला आहे, एवढं नोंदवून ठेवते.

तळं सुंदर होतं. हे मी तुला तेव्हा सांगितलं नाही, कारण तुझ्या एक्सेलला दाद दिल्यासारखं झालं असतं. पाण्यावर धुकं होतं, त्यात तीन बाजूंना डोंगर, एकामागे एक फिकट होत गेलेले. काठावरच्या झाडांच्या फांद्या पाण्याला टेकलेल्या. कमळाची पानं नुकती वर आली होती, फुलं यायची होती. पहिल्याच पुलाचं नाव तुटका पूल, आणि तो अजिबात तुटलेला नव्हता, यावर तू दहा मिनिटं चिडलास. एक म्हातारे आजोबा मोठा ब्रश बादलीत बुडवून फरशीवर पाण्यानं अक्षरं काढत होते. मागून झेंडा घेतलेली बाई आणि पिवळ्या टोप्यांची चाळीस माणसं आली, ती त्यांच्या अक्षरांवरून चालत गेली, आजोबा पुढच्या फरशीवर लिहायला लागले. मी म्हटलं, आमच्या नागपूरच्या फुटाळ्यावर असं कोणी लिहीत बसलं तर लोक चणे खात खात चुका काढतील. तू म्हणालास, फुटाळा म्हणजे तळं नव्हे, डबकं. मी खडकवासल्याबद्दल जे बोलायचं ते बोलले. तेव्हा अकरा वाजले होते आणि आपण अजून मित्र होतो.

बिनसलं ते लांब बांधाच्या तोंडाशी. तळ्यातून उत्तर-दक्षिण सरळ बांध जातो, त्यावर सहा कमानी पूल. ऊन वर आलं होतं, मे महिन्याची चिकट हवा, तुझे दाणे संपलेले. तू अचानक म्हणालास, "सोमवारी डेव्हसमोर मी प्रेझेंट करतो. तू टेक्निकल प्रश्न आले तर बघ."

"माझं डिझाइन आहे ते."

"अगं, डिझाइन तुझंच. पण टीम हँडल करणं वेगळं असतं यार. तुला माणसं नाही जमत."

"आणि तुला जमतात? काल टॅक्सीवाल्याशी मराठीत भांडत होतास."

"बघ, हेच. लगेच पर्सनल घेतेस."

मग दोघंही जे बोलू नये ते बोललो. मी म्हटलं, माझ्या कामावर तू पोसला गेलास. तू म्हणालास, अमेरिकेत शिकायला आलो तेव्हा स्टेट कॉलेजला मी नसतो तर तू पहिल्या सेमिस्टरलाच परत गेली असतीस. शेवटी तू नकाशा माझ्या नाकासमोर धरलास. "ठीक आहे. एकटी चालून दाखव. तू त्या पश्चिमेच्या रस्त्यानं जा, मी बांधावरून येतो. पॅगोड्याच्या दारात भेटू. बघू कोण पोचतं." रागाच्या भरातसुद्धा जवळचा सरळ रस्ता तू स्वतःकडे ठेवलास, हे माझ्या लक्षात आलं होतं. कार्डं आणि फोनही तुझ्याच खिशात राहिले, हे मात्र दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मी चालले. पाय आणि डोकं दोन्ही तापलेलं. रस्ता विचारायला भाषा नव्हती, पण पॅगोडा झाडांवरून दिसत होता, तो धरून गेले आणि पोचले. दारात तासभर उभी राहिले. पहिली पंधरा मिनिटं विजयाची होती. नंतर काळजी सुरू झाली, आणि मग भीती. मी बांधावर उलट दिशेनं निघाले. पहिला पूल, दुसरा, तिसरा. तिसऱ्याच्या पलीकडे बाकावर तू होतास.

तुझा चेहरा राखेसारखा झाला होता. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. शेजारी एक चिनी आजीबाई तिच्या रुमालानं तुझं कपाळ पुसत होती, आणि तिचा नवरा पिशवीतून चहात उकडलेली तपकिरी अंडी काढून तिला देत होता. ती सोलत होती, तू खात होतास. रडत होतास आणि खात होतास. मला बघून लहान मुलासारखा म्हणालास, "मेघना, हॉटेलचं नाव आठवत नाहीये." दोन्ही कार्डं तुझ्या शर्टाच्या खिशात होती, घामानं वर उमटून बाहेरून दिसत होती. तुला चक्कर आली होती आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं होतं. मी तुझ्या खिशातून कार्ड काढलं, आजींना हात जोडले, त्यांनी मलाही एक अंडं दिलं. मी ते उभ्यानं खाल्लं. टॅक्सी मिळेपर्यंत तू माझ्या पर्सचा पट्टा धरून चाललास.

टॅक्सीत तू भानावर आलास आणि पहिली गोष्ट काय केलीस? शपथ घातलीस. "कुणाला सांगणार नाहीस. अनघाला सातवा महिना आहे, ती घाबरेल. आणि संकष्टीला अंडी खाल्ली हे आईला कळलं तर मेलोच. गळ्याची शपथ घे." मी म्हटलं, आज संकष्टी नाहीच, खाल्लेलं चालतं. तू ऐकेनास. मी शपथ घेतली. तुझ्या डोळ्यांत अजून पाणी होतं. मला तेव्हा तुझ्याबद्दल इतकी माया वाटत होती की तू काहीही मागितलं असतंस तर दिलं असतं.

ती का वाटत होती, तेही सांगायला हवं, नाहीतर मी मूर्ख वाटेन. स्टेट कॉलेज नावाच्या त्या थंड गावात शिकताना आपण सहाजण एका अपार्टमेंटमध्ये होतो, स्वैपाकाचे टर्न लावलेले. दुसऱ्या हिवाळ्यात नागपूरला बाबा गेले. व्हिसाच्या भानगडीत मला जाता आलं नाही. महिनाभर माझे सगळे टर्न तू केलेस, आणि तुझी ती गिच्च खिचडी सहाजणांनी निमूट खाल्ली. खालच्या लाँड्री रूममध्ये उबेला मी जाऊन बसायचे, तर तू तुझे धुतलेलेच कपडे पुन्हा मशीनमध्ये टाकून शेजारी बसायचास. एक शब्द बोलायचा नाहीस. तुला गप्प बसता येतं हे मी तेव्हा पाहिलं. ते उपकार मी कधी विसरले नाही, आज रागातही विसरलेली नाही. पण फेडायचं ते मी सोमवारी फेडलं.

सोमवारी दुपारी टीम लंच. गोल टेबल, फिरणाऱ्या काचेवर वाट्या. डेव्हनं विचारलं, वीकेंड कसा गेला? आणि तू सुरू झालास. मला वाटलं, तू स्वतःवर विनोद करणार. तर तुझ्या गोष्टीत बाकावर मी बसले. रडू माझ्या डोळ्यांत आलं, अंडी माझ्या तोंडात गेली आणि तू झालास शोधून काढणारा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी अशा पंचतारांकित टेबलावर ऐकल्या. मी तुझ्याकडे बघत राहिले, तू डोळा मारशील म्हणून. टेबल हसत होतं. मग मीही हसले. ते माझं पाप, ते मी तुझ्यावर ढकलत नाही.

दोन आठवड्यांनी सनीव्हेलला डेव्हनं मला बोलावलं. हांगझोऊ परागकडे देतोय म्हणाला. वर्षातून पाच-सहा वेळा जावं लागेल, एकटीला तिकडे अवघड जाईल, तुला पुन्हा त्या त्रासात घालायचं नाहीये. अगदी प्रेमानं म्हणाला रे. माझी काळजी करत होता. माझं डिझाइन, माझी टीम, आणि कारण काय, तर मी हरवले होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. पण शपथ होती, लाँड्री रूम होती, अनघाचे दिवस भरत आले होते, आणि माझं ग्रीन कार्ड त्याच कंपनीत अडकलेलं.

तुला मी पार्किंगमध्ये गाठलं. तू म्हणालास, "अगं, गंमत होती ती. डेव्हनं आधीच ठरवलं होतं."

"मग त्याला खरं सांग."

"सांगतो. नक्की. सोमवारी सांगतो."

त्यानंतर किती सोमवार आले आणि गेले, ते तुझ्या एक्सेलनं मोजावेत.

तू लीड झालास, मग मॅनेजर, मग डायरेक्टर. आठ वर्षं मी तुझ्या हाताखाली काम केलं. तू मला चांगली रेटिंग दिलीस, दर ट्रिपहून तिकडच्या डोंगरातला हिरवा चहा आणलास, सुंदर डब्यांत. मी त्यातला एक घोटसुद्धा प्यायले नाही. डबे तसेच ऑफिसच्या पॅन्ट्रीत ठेवायचे, आणि तू तिथून जाताना ते बघायचास. तुझ्या घरी पॉटलक असला की मी मुद्दाम अंडा करी आणायचे. आणि दर संकष्टीला, सतरा वर्षं न चुकता, मी तुला सकाळी मेसेज करत आले: आज उपास. नीट खाऊन पिऊन कर. तू फक्त हात जोडलेला एक इमोजी पाठवायचास. हे सगळं हलकट होतं, मला माहीत आहे. मला त्यात मजा यायची, हेही माहीत आहे.

पण तुझी गोष्ट वाढतच गेली. दरवर्षी मीठमसाला. आधी तीन तास शोधलंस, मग पाच. मग पोलीस आले. शेवटी शेवटी तर नावेतून शोधलंस म्हणे. मला दुसऱ्या कंपनीत जाऊन नऊ वर्षं झाली, तरी गणपतीत कोणी नवीन जोडपं भेटलं की विचारायचं, "त्या हरवलेल्या मेघना तुम्हीच का?" मी वीस जणांची टीम चालवते, पराग. माझ्या मागे माझं एवढंच नाव आहे.

तर काल. मी खरी गोष्ट कागदावर लिहून नेली होती. एका पानात बसवली, चार वेळा वाचली, गाडीत मोठ्यानं म्हणून बघितली. तुझा हार घातलेला फोटो, समोर खुर्च्या. पहिल्या रांगेत अनघा, तिच्या शेजारी तुमची लेक इरा. दुसऱ्या रांगेत डेव्ह, रिटायर झालेला, हातात काठी, जुना सूट. मला माइककडे जाताना बघून तो हळूच म्हणाला, "द लेक वन, राइट?" माझ्यासाठी सगळं जुळून आलं होतं. असा योग पुन्हा यायचा नव्हता.

आणि मी अनघाकडे बघितलं. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, पदर मुठीत धरून, पुढे वाकून. मला वाटलं, हिला आता एवढंच उरलंय, नवऱ्याची एक गमतीची गोष्ट. ती मी हिच्या हातून कशी काढून घेऊ? इराला कसं सांगू की तुझ्या बाबानं मैत्रिणीला विकून नोकरी मिळवली? कागद मुठीत चुरगळला आणि मी तुझी गोष्ट सांगितली. नावेसकट. "दोन खाल्ली मी" हेही म्हटलं. हॉल हसला. डेव्ह तर डोळे पुसत होता. इरानं येऊन मिठी मारली, म्हणाली, "दॅट वॉज सो हिम, मावशी." अनघा हसली नाही. मी समजले, दुःखात आहे.

सगळे पांगल्यावर मी मागच्या किचनमध्ये गेले. अनघा चहाचा मोठा थर्मास सिंकमध्ये उपडा करत होती. मागे न वळता म्हणाली, "खोटं का सांगितलंस?"

मला वाटलं, चुकून काही वेगळंच ऐकलं.

"मी तुलाच का सांगायला सांगितलं होतं, मेघना? मला वाटलं, आज तरी तू खरं सांगशील."

"तुला माहितेय?"

"त्याच दिवशी हॉटेलवरून फोन केला होता त्यानं. रडत होता. तू कसं हाताला धरून आणलंस, सगळं सांगितलं. मग परत आल्यावर ती उलटी गोष्ट ऐकली, आणि तुझं काम त्याला मिळालं हेही कळलं. मी म्हटलं, डेव्हला जाऊन सांग. म्हणाला, सोमवारी सांगतो."

"तू मला कधी बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू हसायचीस गं. दर वेळी हसायचीस. मला वाटायचं, तुला आता काही वाटत नाही, मी कशाला खपली काढू. पण त्या लीडच्या पगारावर आमचं घर झालं. तो सुरू झाला की मी आत निघून जायचे."

आणि मी समजत होते की हिला भांडी घासायची फार हौस आहे. हे मी मनात म्हटलं, तिला नाही. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते.

पराग, तू मला गळ्याची शपथ घालून बांधून ठेवलंस, का, तर अनघाला कळू नये, आणि त्याच संध्याकाळी स्वतः तिच्यापाशी मोकळा झालास. सतरा वर्षं दोन बायका एकमेकींना जपत बसल्या आणि मध्ये बसून तू हशे घेतलेस. इतका राग मला तुझा त्या सोमवारीसुद्धा आला नव्हता. तू समोर असतास तर मी तुझ्या थोबाडीत मारली असती, शोकसभा असो की काही असो.

अनघानं हात पुसले. "डेव्ह अजून बाहेर उभा आहे," ती म्हणाली. "मुलगी न्यायला येणारे त्याला. चल."

"आत्ता?"

"आत्ता नाही तर काय सोमवारी?"

डेव्ह पार्किंगच्या कडेला काठीवर भार देऊन उभा होता. अनघा सरळ त्याच्यासमोर गेली. मी दोन पावलं मागे. तिचं इंग्लिश अजून पहिल्यासारखंच आहे, घासूनपुसून बोललेलं. "डेव्ह, द लेक स्टोरी. इट वॉज पराग हू वॉज लॉस्ट. शी फाउंड हिम."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.  "ऑल धिस टाइम?"

"ऑल धिस टाइम," अनघा म्हणाली.

"आय गेव्ह हिम हांगझोऊ बिकॉज ऑफ दॅट लंच," तो मला म्हणाला. मी मान हलवली.  सॉरी म्हणायला त्यानं तोंड उघडलं असावं, पण तेवढ्यात त्याच्या मुलीची गाडी पुढ्यात येऊन थांबली.

अनघा बोलायला लागली तेव्हा ती गाडी अजून कोपऱ्यावरच्या सिग्नलला उभी होती. वळून आत येईपर्यंत सगळं सांगून झालं होतं. एवढाच वेळ लागतो, पराग. तुलाही एवढाच लागला असता.